रस्त्यापलीकडे थांबलेले फायबर

वाचकांचे प्रश्न

घरगुती इंटरनेटविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांतील बहुतेकांचे गाऱ्हाणे एकच आहे : शेजारच्या वस्तीला जे सहज मिळते ते आम्हाला पैसे मोजूनही का मिळत नाही? हा संपूर्ण अंक त्याच प्रश्नासाठी ठेवला असून निवडक पत्रांना येथे सविस्तर उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आमची चाळ लालबागला आहे. खोल्या बहात्तर. समोरचा रस्ता ओलांडला की गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला टॉवर लागतो आणि तेथे तीन कंपन्यांचे फायबर आहे. माझी मुलगी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या वर्षभरात आम्ही दोन कंपन्यांकडे चार वेळा चौकशी केली. दर वेळी ‘तुमच्या पत्त्यावर फीजिबिलिटी नाही’ एवढेच उत्तर मिळाले. पैसे भरायची आमची तयारी आहे. मग अडते कुठे? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : तंत्राच्या बाजूने काहीच अडत नाही, हे प्रथम स्पष्ट करतो. घरापर्यंत येणाऱ्या फायबरची रचना अशी असते की कंपनीच्या केंद्रातून काचेचा एक धागा निघतो आणि वस्तीजवळ आल्यावर स्प्लिटर नावाच्या छोट्या पेटीत त्याच्या बत्तीस किंवा चौसष्ट शाखा होतात. या पेटीला वीज लागत नाही. सध्या सर्वाधिक प्रचलित असलेल्या पद्धतीत त्या एका धाग्यावरून सेकंदाला सुमारे अडीच गिगाबिट माहिती उतरते आणि ती सर्व शाखांत वाटली जाते. केंद्रापासून घर वीस किलोमीटरवर असले तरी चालते. म्हणजे टॉवरच्या तळघरापर्यंत आलेल्या फायबरमधील दोन-तीन धागे रस्ता ओलांडून आपल्या जिन्यापर्यंत आले, तर बहात्तर खोल्यांची सोय होईल. काच काही टॉवर आणि चाळ असा भेद करीत नाही.

भेद होतो तो हिशेबात. दोनशे सदनिकांच्या इमारतीत एका समितीची एक परवानगी पुरते, तारा नेण्यासाठी बांधकामातच नळ्या सोडलेल्या असतात, आणि निम्म्याहून अधिक घरे लगेच जोडणी घेतील, तीही महागड्या योजनेची, अशी कंपनीला खात्री असते. चाळीत मालक वेगळा, भाडेकरू वेगळे. पागडीच्या खोल्या, कोर्टात चाललेला एखादा वाद, परवानगी नेमकी कोणाची घ्यायची याचा पत्ता नाही. तारा गॅलरीतून उघड्यावर न्याव्या लागतात. त्यातच गिरणगावातील बहुतेक चाळींच्या पुनर्विकासाची बोलणी वर्षानुवर्षे चाललेली असल्यामुळे, घातलेला खर्च वसूल होण्याआधीच इमारत पाडली गेली तर काय, ही शंका कंपन्यांच्या मनात असते. रस्ता खोदायचा तर महापालिकेचे शुल्क भरा, पावसाळ्यात खोदकाम बंद, हेही आहेच. फायबरच्या कामात केबलच्या किमतीपेक्षा खोदाई आणि परवानगी यांवरच अधिक पैसा जातो. या सगळ्याची बेरीज-वजाबाकी झाली की आपल्या पत्त्यापुढे ‘फीजिबिलिटी नाही’ असे उमटते.

मी दूरध्वनी खात्यात तीस वर्षे नोकरी केली. फोनसाठी लोकांना अनेक वर्षे ताटकळत बसावे लागे तो काळ मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिला आहे. ती पद्धत न्याय्य होती असे मी मुळीच म्हणणार नाही. ‘ओवायटी’ (ओन युवर टेलिफोन) योजनेत मोठी अनामत भरणाऱ्याचा नंबर आधी लागत असे. तरीसुद्धा अर्ज दिलेल्या प्रत्येकाच्या हाती एक कागद असे आणि त्या कागदावर नोंदणी क्रमांक असे. वस्तीत किती माणसे खोळंबली आहेत हे त्या यादीमुळे सरकारला, वर्तमानपत्रांना आणि विधानसभेत प्रश्न विचारणाऱ्या आमदाराला सांगता येत असे. आपण चार वेळा चौकशी केलीत, पण आपल्या हाती अर्जाचा क्रमांक नाही आणि नकाराचे पत्रही नाही. माझ्या मते मूळ दुखणे हेच आहे. ज्याला नाकारले त्याची नोंदच राहत नाही, आणि नोंद नाही म्हणून मागणी नाही, असा निष्कर्ष काढायला सगळे मोकळे.

विजेशी तुलना करून पाहा. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ४३ नुसार जागेच्या मालकाने किंवा तेथे राहणाऱ्याने अर्ज केला, की अर्ज पोचल्यापासून एका महिन्याच्या आत पुरवठा करणे हे वीज वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. वाहिनी वाढवावी लागणार असेल तर मुदत वाढते, कर्तव्य मात्र टळत नाही. ‘तेथे राहणाऱ्याने’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण त्यामुळे भाडेकरूलाही हक्क मिळतो. घरगुती इंटरनेटच्या बाबतीत कंपनीवर असे बंधन नाही. कोणत्या गल्लीत शिरायचे आणि कोणती सोडायची हा तिच्या मर्जीचा प्रश्न आहे.

आता करता येण्याजोगे सांगतो. एकेकट्याने चौकशी करणे थांबवा. चाळीतील निदान तीस-चाळीस खोल्यांचे मिळून एक निवेदन करा. त्यात खोली क्रमांक, कोणत्या किमतीची योजना हवी आणि सही, एवढे असू द्या. मालकाचे किंवा विश्वस्तांचे ना-हरकत पत्र जोडा. स्प्लिटरची पेटी जिन्यात कोठे बसेल आणि तार कोणत्या बाजूने वर जाईल याचा हाताने काढलेला नकाशासुद्धा चालेल. हे निवेदन दोन्ही कंपन्यांकडे आणि आपल्या भागातील केबलचालकाकडे एकाच दिवशी देऊन पोच घ्या. केबलचालकाला कमी लेखू नका. मोठ्या कंपनीच्या संगणकावर जी चाळ दिसत नाही, तिचा कोणता कठडा भक्कम आहे हे त्याच्या माणसाला ठाऊक असते.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी गिरगावातील एका चाळीत असे काम चाललेले मी स्वतः पाहिले. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उपड्या बादलीवर एक तरुण बसला होता आणि त्याच्या मांडीवर धागे जोडण्याचे यंत्र होते. केसाएवढ्या दोन धाग्यांची टोके त्याने पुसली, कापली आणि यंत्रात समोरासमोर ठेवली. छोट्या पडद्यावर ती दोरखंडाएवढी जाड दिसत होती. ठिणगी पडली, धागे एक झाले, वर संरक्षक नळी चढली. मिनिटभराचे काम. संध्याकाळपर्यंत वीस-बावीस खोल्यांत राउटरचे हिरवे दिवे लागले. त्या चाळीने कंपनीला जे दिले ते आपणही देऊ शकता : एक परवानगी, एक जागा आणि सह्यांची यादी.

हेही जमले नाही तर मोबाइलच्या ५जी लहरींवरून घराला इंटरनेट देणारी सेवा मुंबईत २०२३ पासून मिळते. तिला खोदाई लागत नाही. मात्र ती शेवटी मोबाइलच्या मनोऱ्यावरच चालते, आणि संध्याकाळी सगळी वस्ती त्याच मनोऱ्यावर आली की वेग मंदावू शकतो. मुलीचा अभ्यास थांबू नये म्हणून ती घ्यावी. फायबरची मागणी मात्र सोडू नये.

प्रश्न : मी जव्हार तालुक्यात प्राथमिक शिक्षक आहे. आमच्या ग्रामपंचायतीच्या कार्यालयात भारतनेटची पेटी भिंतीवर लागून बरीच वर्षे झाली. तिचे दिवे कधी लागतात, कधी आठवडेच्या आठवडे विझलेले असतात. माझी शाळा तेथून तीन किलोमीटरवरच्या पाड्यात आहे आणि तिथे मोबाइलची रेंजही टेकडीवर गेल्याशिवाय येत नाही. कागदोपत्री आमची पंचायत जोडलेली आहे. हे जोडलेपण आमच्यापर्यंत कधी येणार? (एक शिक्षक, जिल्हा पालघर)

उत्तर : गुरुजी, आपल्या पत्रातील ‘कागदोपत्री’ हा शब्द अचूक आहे. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या या योजनेला केंद्राने २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढे तिचे नाव भारतनेट झाले आणि २०१७ च्या अखेरीस पहिल्या टप्प्यातील एक लाख ग्रामपंचायती पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने ‘महानेट’ या नावाने राज्याच्या महाआयटी कंपनीमार्फत काम हाती घेतले. या सर्व काळात यश मोजण्याचे माप होते ग्रामपंचायतीचे कार्यालय. फायबर कार्यालयात पोचले की गाव ‘जोडले’ असे धरले गेले. आता महाराष्ट्राचा आकार पाहा. राज्यात ग्रामपंचायती सुमारे २८ हजार, महसुली गावे ४० हजारांहून अधिक, आणि वाड्या, वस्त्या, पाडे त्याहून कितीतरी जास्त. जव्हार, मोखाडा, सुरगाणा, अक्कलकुवा, धडगाव या तालुक्यांत एकेका पंचायतीत अनेक पाडे येतात. कोकणातील वाड्यांचेही तेच. पुणे जिल्ह्यातील सपाट, एकगठ्ठा वसलेल्या गावाला कार्यालयापर्यंत आलेले फायबर बऱ्यापैकी उपयोगी पडू शकते; डोंगरात विखुरलेल्या पंचायतीला तेच फायबर म्हणजे दुसऱ्याच्या अंगणातील विहीर.

दिवे विझण्याचे कारणही रचनेतच आहे. सुरुवातीच्या टप्प्यांत तालुक्यापासून पंचायतीपर्यंत फायबर सरळ रेषेत नेले गेले. वाटेत एके ठिकाणी तुटले की पुढचे सगळे अंधारात. आणि तुटण्याला निमित्ते भरपूर : रस्ता रुंद करणारा जेसीबी, पाण्याच्या पाइपलाइनचा चर, डोंगरातील दरड. हे प्रकार इतके वाढले की खोदण्यापूर्वी जमिनीखाली काय आहे हे विचारता यावे म्हणून केंद्राला २०२३ च्या मार्चमध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप काढावे लागले. भरीस भर म्हणजे पंचायत कार्यालयातील वीज गेली, बॅटरी उतरली, किंवा कुलूप लावून माणसे निघून गेली, की शाबूत फायबरसुद्धा निरुपयोगी होते.

सुधारित भारतनेटला ऑगस्ट २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि त्यासाठी १,३९,५७९ कोटी रुपयांची तरतूद झाली. त्यातील तीन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. रेषेऐवजी कड्याची रचना करायची ठरले आहे, म्हणजे एका बाजूने तुटले तर दुसऱ्या बाजूने प्रवाह चालू राहील. देखभालीचा दहा वर्षांचा करार कामातच धरला आहे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची : ग्रामपंचायतीचे कार्यालय नसलेल्या सुमारे ३ लाख ८० हजार गावांना ‘मागणीनुसार’ जोडायचे आहे, आणि पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना जोडण्या द्यायच्या आहेत. मागणीनुसार, या शब्दापाशी आपण थांबावे असे मला वाटते. ज्या पाड्यात फॉर्म भरायला नेट नाही, त्याची मागणी कोण नोंदवणार? कोणी पुढे होऊन नोंदवली नाही तर हा शब्द पुढे ‘मागणी आली नाही’ असा वाचला जाईल.

म्हणून ग्रामसभेत ठराव घ्या. ठरावात पाड्यांची नावे, प्रत्येक पाड्यातील घरे, शाळा, अंगणवाडी, आरोग्य उपकेंद्र आणि पंचायत कार्यालयापासूनचे अंतर लिहा. ठरावाची प्रत गटविकास अधिकाऱ्यांना आणि भारतनेटचे काम पाहणाऱ्या बीएसएनएलच्या जिल्हा कार्यालयाला पाठवून पोच ठेवा. दुसरे काम चौथी-पाचवीची मुलेही आनंदाने करतील : पंचायतीतील त्या पेटीचा दिवा रोज लागलेला होता की नव्हता याची वहीत नोंद. साधी रेघोट्यांची वही. तीन महिन्यांच्या अशा वहीपुढे ‘जोडणी सुरळीत आहे’ हे वाक्य कोणत्याही बैठकीत टिकणार नाही. आणि जोडणी कधीमधी तरी चालते तोवर पंचायतीजवळच्या दुकानदाराला ‘पीएम-वाणी’ योजनेत सार्वजनिक वायफाय सुरू करता येईल का ते पाहा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या या योजनेत दुकानदाराला परवाना लागत नाही, आणि त्याला घाऊक जोडणी चढ्या भावाने विकली जाऊ नये म्हणून ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेने जून २०२५ मध्ये दराला मर्यादाही घातली आहे : २०० एमबीपीएसपर्यंतच्या योजनांना घरगुती दराच्या फार तर दुप्पट.

प्रश्न : आता प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन आहे आणि जगातील स्वस्त डेटा आपल्याकडे मिळतो. मग गरीब वस्तीत फायबर नाही म्हणून एवढी हळहळ कशाला? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

उत्तर : आपला प्रश्न अनेकांच्या मनात असतो, म्हणून हिशेबच मांडतो.

एका कुटुंबात तीन फोन आहेत असे धरा. रोज दीड जीबीचा, अठ्ठावीस दिवसांचा रिचार्ज जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर तीनशे रुपयांच्या आसपास किंवा त्याहून अधिकच पडतो. तिघांचे मिळून नऊशे. अठ्ठावीस दिवसांचा महिना असल्यामुळे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज होतात. एका फोनला मिळतात बेचाळीस जीबी, म्हणजे जीबीला साधारण सात रुपये. उलट मोठ्या कंपनीची ३९९ रुपयांची घरगुती योजना १८ टक्के जीएसटी धरून ४७१ रुपयांना पडते, तिचा वेग ३० एमबीपीएस आणि मासिक मर्यादा ३,३०० जीबी. कुटुंबाने त्यातील केवळ दोनशे जीबी वापरले तरी जीबीला अडीच रुपयांहून कमी पडतात. ज्याच्या दारात फायबर आहे त्याला इंटरनेट स्वस्त आणि ज्याच्या दारात नाही त्याला महाग, असे हे गणित आहे. किराणा मालाचे जसे असते तसेच : महिन्याचे पोते घेणाऱ्याला स्वस्त पडते, रोज पावशेर घेणाऱ्याला महाग. शिवाय घरगुती जोडणीसाठी अनेकदा सहा महिन्यांचे पैसे एकदम मागतात, आणि हातावर पोट असलेल्या माणसाची खरी अडचण तिथेच होते.

आणखी एक गोष्ट हिशेबात येत नाही. दीड जीबी संपले की वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि साधे छायाचित्रही उघडत नाही. एकाच फोनवर घर चालत असेल तर पहिला हक्क कमावत्या माणसाचा, मग मुलाचा, आणि मुलीच्या हाती फोन येतो तो रात्री सगळे निजल्यावर. त्या वेळी दिवसाच्या डेटातील उरलेसुरले तिच्या वाट्याला येते. प्रकल्प अहवाल फोनच्या पडद्यावर टंकित करून पाहा, किंवा महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला तिसऱ्यांदा अपलोड करून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल. टाळेबंदीत, २०२० मध्ये, कोकणातील डोंगरावर रेंज येते तेथे खोपी बांधून मुले-मुली अभ्यास करीत होती. त्यांच्या जिद्दीचे आपण खूप कौतुक केले. ती खोपी बांधण्याची वेळ त्यांच्यावर का आली, हा प्रश्न मात्र कौतुकात बुडून गेला.

येथेही मोजणीचाच घोळ आहे. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भागातील सुमारे १५ टक्के आणि शहरी भागातील ४२ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय आढळली होती. २०२५ च्या आरंभी झालेल्या पाहणीत हे प्रमाण देशभर ८६ टक्क्यांवर गेले. प्रगती खरी आहे आणि तिचा आनंद मानलाच पाहिजे. पण या ८६ टक्क्यांत रिचार्ज संपत आलेला एक फोन आणि एक गिगाबिटची तार, दोन्ही सारखेच मोजले जातात. तारेने येणाऱ्या ब्रॉडबँडचे ग्राहक देशभरात चार-साडेचार कोटींच्या घरात आहेत, त्यांत कार्यालये आणि दुकानेही आली, आणि देशात कुटुंबे तीस कोटींच्या आसपास आहेत. जानेवारी २०२३ पर्यंत तर ५१२ केबीपीएस वेगालाही सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणत असत. आता ही मर्यादा २ एमबीपीएस झाली आहे, आणि तीसुद्धा चौघांच्या घराला पुरणारी नाही. ट्रायने ऑगस्ट २०२१ मध्ये अशी शिफारस केली होती की ग्रामीण ग्राहकाला घरगुती जोडणीच्या मासिक शुल्काचा निम्मा भाग, जास्तीत जास्त दोनशे रुपये, थेट खात्यात देण्याचा प्रयोग करून पाहावा. तो प्रयोग महाराष्ट्रातील एखाद्या दुर्गम तालुक्यात झाला तर मला मनापासून आनंद होईल.

प्रश्न : मी बरीच वर्षे कॅन्सस सिटीत राहतो. अमेरिकेत ही विषमता बाजारानेच मिटवली असे माझे भारतातील मित्र समजतात. आपल्या वाचकांना वस्तुस्थिती सांगाल का? (एक वाचक, अमेरिका)

उत्तर : आपल्याच शहराचे उदाहरण सांगतो. गूगलने २०१२ मध्ये कॅन्सस सिटीत एक गिगाबिटचे फायबर द्यायला सुरुवात केली, तेव्हा शहराचे लहान लहान विभाग पाडले आणि ज्या विभागात ठरावीक प्रमाणात घरे दहा डॉलर भरून आगाऊ नोंदणी करतील तेथेच फायबर टाकायचे ठरवले. वरवर पाहता यात कोणावर अन्याय नाही. पण ट्रूस्ट ॲव्हेन्यू हा त्या शहरातील गोऱ्या आणि काळ्या वस्त्यांमधला जुना सीमारेषेसारखा रस्ता. त्याच्या पश्चिमेकडील सुस्थितीतील विभाग झपाट्याने भरले. पूर्वेकडील विभाग मागे पडले, कारण तेथे पुष्कळ लोक भाडेकरू होते, अनेकांकडे क्रेडिट कार्ड नव्हते, आणि नोंदणी ऑनलाइन करायची होती. ज्यांच्याकडे इंटरनेट नव्हते त्यांनी इंटरनेट हवे म्हणून इंटरनेटवरून नोंदणी करायची होती! शेवटी ग्रंथालये, शाळा आणि स्वयंसेवक दारोदार हिंडले, तेव्हा मागे पडलेले अनेक विभाग मुदतीच्या आत पात्र ठरले. जव्हारच्या गुरुजींना मी ग्रामसभेचा ठराव घ्या म्हणालो ते हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवूनच.

दुसरा भाग पैशाचा. नोव्हेंबर २०२१ च्या कायद्याने तेथे अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना इंटरनेटसाठी दरमहा तीस डॉलरपर्यंत सवलत मिळू लागली आणि सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबांनी ती घेतली. निधी संपला, नव्याने मंजूर झाला नाही, आणि १ जून २०२४ रोजी योजना बंद पडली. एवढ्या कुटुंबांना सवलतीची गरज भासली यातच आपल्या मित्रांना उत्तर मिळावे.

केरळचा प्रयत्न मला यापेक्षा टिकाऊ वाटतो. तेथील सरकारने के-फॉन ही स्वतःची फायबर व्यवस्था उभारून जून २०२३ मध्ये सुरू केली आणि वीस लाख गरीब कुटुंबांना विनामूल्य जोडणीचे उद्दिष्ट ठेवले. पहिल्या टप्प्यात १४० विधानसभा मतदारसंघांतील प्रत्येकी शंभर कुटुंबे घेतली. उद्दिष्टाच्या मानाने हा आकडा लहान आहे, कामही रेंगाळले आहे. तरी प्रत्येक मतदारसंघात कोणत्या घराला द्यायचे याची यादी सरकारने करायची, घराने हात वर करण्याची वाट पाहायची नाही, ही दिशा योग्य आहे. त्यापूर्वी, सप्टेंबर २०१९ मध्ये, केरळ उच्च न्यायालयाने वसतिगृहातील एका विद्यार्थिनीच्या याचिकेवर इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले होते.

प्रश्न : ठाण्यातील आमच्या सोसायटीला लागून जुनी वस्ती आहे. तेथे फायबर नेण्यासाठी एका केबलचालकाने आमच्या गच्चीवरून तार नेण्याची आणि गच्चीच्या जिन्यात एक पेटी बसवण्याची परवानगी मागितली आहे. काही सभासद म्हणतात, आपला काय फायदा? काहींना सुरक्षिततेची काळजी आहे. समितीने काय करावे? (कार्यकारिणीच्या एक सदस्या, ठाणे)

उत्तर : परवानगी द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या वस्तीकडे जाणारा सर्वांत स्वस्त मार्ग आपल्या गच्चीवरून जातो. आपण नाही म्हटलेत तर रस्ता खोदावा लागेल, आणि खोदाईच्या खर्चात हे काम बारगळण्याची शक्यता मोठी आहे. त्या वस्तीतून आपल्या इमारतीत घरकामाला, गाडी चालवायला, पहाऱ्याला येणाऱ्या माणसांची मुले त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला बसणार आहेत. फायदा विचारणाऱ्या सभासदांना हेही सांगता येईल की एखादी कंपनी किंवा विकासक यांनी इमारत एकाच सेवादाराला बांधून देऊ नये, अशी शिफारस ट्रायने २०१७ मध्येच केली आहे. दुसरा सेवादार दारात आला की आपल्यालाही निवड मिळते.

सुरक्षिततेची काळजी रास्त आहे, पण ती अटी घालून मिटते. फायबरच्या काचेतून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही. मात्र काही तारांना आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते, ती विजेच्या वाहिन्यांपासून आणि वीजरोधकापासून दूर बांधायला सांगा. विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवून ठरावात एवढे लिहा : तार कठड्याच्या बाहेरून, नळीतून जाईल, जिन्यात लोंबणार नाही, पेटीला कुलूप असेल आणि किल्ली पहारेकऱ्याकडे राहील, दुरुस्तीचा माणूस ओळखपत्र दाखवून, नोंदवहीत सही करूनच वर जाईल, गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला धक्का लागला तर भरपाई चालकाने करावी, आणि एखाद्या वस्तीची तार कापायची वेळ आलीच तर पंधरा दिवस आधी लेखी कळवावे. ही शेवटची अट सोसायटीवर आहे, चालकावर नव्हे. गच्चीचे भाडे मात्र मागू नका. ते शेवटी वस्तीतील घरांच्या मासिक शुल्कातच चढते.

प्रश्न : वर्षभर अशी धडपड करूनही कोणी दाद दिली नाही तर नेमके कोणते दार ठोठवायचे? (लालबागच्याच वाचकांच्या पत्रातील शेवटचा प्रश्न)

उत्तर : जोडणी मिळाल्यावर सेवा नीट नसेल तर मार्ग ठरलेला आहे : आधी कंपनीचे तक्रार केंद्र आणि तेथून मिळालेला तक्रार क्रमांक, मग तिचेच अपील प्राधिकरण. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. दूरसंचार सेवेच्या तक्रारीही ग्राहक आयोगाला ऐकता येतात असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तेथे शुल्क नाही. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तेव्हा तिकडे टपालखर्च करू नका.

जोडणीच नाकारली गेली असेल तर सरकारकडे जावे लागेल, आणि तेथे एक दार अलीकडेच उघडले आहे. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाचे पाच टक्के एका निधीत भरतात. आपण केलेल्या प्रत्येक रिचार्जमधील काही पैसे त्यात गेलेले असतात. २००२ पासून चालत आलेला हा निधी मुख्यतः ग्रामीण आणि दुर्गम भागांसाठी होता. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ केले आणि त्याच्या उद्देशांत सेवा अपुरी असलेल्या शहरी भागांचाही स्पष्ट उल्लेख केला. लालबागची चाळ त्या व्याख्येत बसते असे आपले म्हणणे मांडायला हा आधार पुरेसा आहे. चाळीच्या निवेदनाची, सह्यांच्या यादीची आणि दोन्ही कंपन्यांकडून घेतलेल्या पोचांची प्रत दिल्लीच्या दूरसंचार विभागाला डिजिटल भारत निधीच्या प्रशासकांच्या नावे पाठवा, आणि तेच कागद केंद्राच्या सार्वजनिक तक्रार निवारण संकेतस्थळावर चढवून नोंदणी क्रमांक घ्या. तो क्रमांक आला की मला कळवा. पुढच्या पत्रव्यवहाराचा मसुदा मी करून देईन.